रात्रीच्या डॉक्टरला पेशंट सोपवताना

"पाच नंबर स्टेबल आहे." नवी असताना या वाक्यावर विसंबून राहिले आणि पस्तावले. मध्यरात्री पाच नंबरच्या आजोबांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८९ दिसलं म्हणून मी ऑक्सिजन वाढवला. पहाटे ते हाका मारूनही डोळे उघडेनात. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुना आजार, ८९ हे त्यांचं रोजचंच. अशांचं ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचं असतं. ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. हे फाइलमध्ये होतं, पण तिसऱ्या पानावर.

दिवसपाळीला असले की मी आता 'स्टेबल' म्हणतच नाही. या माणसाचं नेहमीचं काय, ते सांगते: बीपी एवढं, सॅच्युरेशन एवढं, रात्री थोडं बरळतात, ते आजचं नाही.

सुरुवात सर्वांत आजारी पेशंटपासून करा. खाटांच्या क्रमाने गेलात तर अकरा नंबर येईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. पूर्वेतिहास थोडक्यात, पण ॲलर्जी आणि रक्त पातळ करणारी औषधं तोंडी सांगाच.

"लघवीवर लक्ष ठेव" याला सूचना म्हणत नाहीत. "वजन साठ किलो, तासाला निदान ३० मिली हवी. सलग दोन तास कमी झाली तर आधी लघवीची नळी (कॅथेटर) तुंबलीय का बघ, तुंबली नसेल तर मोठ्या डॉक्टरांना उठव" ही सूचना.

यायच्या रिपोर्टचंही तसंच. "पोटॅशियम बघायला हवं" या वाक्यात कर्ताच नाही, म्हणून तो रिपोर्ट सकाळपर्यंत कोणी बघत नाही. "सातला पाठवलंय, नऊला तू बघ, ६ च्या वर असेल तर लगेच ईसीजी काढ," असं म्हणा.

मग गप्प बसा आणि समोरच्याला सगळं परत सांगायला लावा. ज्युनिअर कंटाळतात, कंटाळू देत. आय-पास या हँडओव्हरच्या पद्धतीत शेवटची पायरी हीच आहे; नऊ हॉस्पिटलांत ती पद्धत शिकवल्यावर उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं.

जीव वाचवण्याचे प्रयत्न कुठवर करायचे हे ठरलं असेल, तर ते आणि नातेवाइकांना काय सांगितलंय तेही सांगा. केस पेपरचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

सकाळी हेच उलट्या दिशेने. रात्री काय दिलं, किती वाजता. पहाटे पाचला दिलेलं पॅरासिटामॉल कागदावर नसेल, तर सातच्या राउंडला ताप आपोआप उतरल्यासारखा दिसतो आणि पेशंटला घरी सोडायची भाषा सुरू होते.