जलद इन्सुलिन घेताना या चुका टाळा: डोस बरोबर, तरी शुगर का बिघडते?

जेवणाआधीच्या इन्सुलिनमध्ये चूक झाली म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो डोसचा आकडा. पण तितकीच गडबड वेळेची असते: इंजेक्शन आणि पहिला घास यांच्यातलं अंतर, दोन डोसमधले तास, सुई त्वचेत राहिलेले सेकंद, इन्सुलिनचं पेन उघडल्यापासूनचे दिवस. आकडा तोच ठेवून यातलं एकही बिघडलं, तर शुगर एकदा ३०० आणि एकदा ६० दिसते आणि कारण सापडत नाही.

इथे जलद इन्सुलिन म्हणजे लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट आणि ग्लुलिसिन. टोचल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत यांचं काम सुरू होतं, १ ते ३ तासांत सगळ्यात जास्त जोर असतो आणि ३ ते ५ तासांत परिणाम ओसरतो. जुनं रेग्युलर इन्सुलिन यापेक्षा संथ असतं. त्याला सुरू व्हायलाच अर्धा तास लागतो आणि ते ५ ते ८ तास रेंगाळतं. तुमचा डोस आणि हिशोब तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. खाली आहे ते तो डोस नीट पोहोचवण्याबद्दल.

सुई आणि पहिला घास

रेग्युलरवरून जलद इन्सुलिनवर आलेल्या लोकांची जुनी सवय सुटत नाही: इंजेक्शन घ्यायचं, मग अर्ध्या तासाने जेवायचं. इथे ती अंगलट येते. अ‍ॅस्पार्ट जेवणाआधी ५ ते १० मिनिटं घ्यायचं असतं. लिस्प्रो १५ मिनिटांच्या आत किंवा जेवण झाल्या झाल्या घेतात. ग्लुलिसिन आधीच्या १५ मिनिटांत किंवा जेवायला बसल्यापासून २० मिनिटांच्या आत चालतं. अ‍ॅस्पार्टचा आणखी वेगवान प्रकारही आहे. तो जेवायला बसतानाच घेता येतो. तुमच्या पेनवर कोणतं नाव आहे ते वाचा आणि त्याचीच वेळ पाळा.

बाहेर जेवायला गेलात तर ताट समोर येईपर्यंत सुई टोचू नका. ‘पाच मिनिटांत आणतो’ या शब्दावर इन्सुलिन घेणं धोक्याचं. जेवणाआधी शुगर ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली असेल तर आधी ती वर आणा, मग जेवण आणि डोसचं बघा. मळमळ होत असेल, लहान मूल किती खाईल याचा भरवसा नसेल किंवा जुन्या मधुमेहामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागत असेल, तर जेवणानंतर डोस घेण्याची पद्धत डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पोट संथ आणि इन्सुलिन जलद अशी जोडी असली की जेवूनसुद्धा तासाभरात हायपो होतो, म्हणजे शुगर ७० च्या खाली जाते.

तेलकट-तुपकट जेवणाचं उलट असतं. दोन तासांनंतरचं रीडिंग छान येतं आणि चौथ्या-पाचव्या तासाला शुगर चढते. ही उशिराची चढण अडवायला सुरुवातीलाच जास्त युनिट घेतली, तर आधी हायपो आणि नंतर हाय असं दोन्ही पदरात पडतं.

डोस विसरलात आणि जेवण संपता संपता आठवलं, तर तुमच्या इन्सुलिनला चालत असेल तेवढ्या वेळात घेता येतो. दोन तास उलटून गेले असतील तर जेवणाचा पूर्ण डोस आता टोचू नका. शुगर बघा आणि डॉक्टरांना विचारा. घेतला की नाही हेच आठवत नसेल तर घेतला असं धरा, दुसरा डोस नको, दर तासाला शुगर तपासा.

डोसवर डोस

जलद इन्सुलिनमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती निष्काळजी माणसापेक्षा काळजी करणाऱ्या माणसाकडून जास्त होते.

हिशोब मांडून बघा. एका व्यक्तीची शुगर एका युनिटने ५० ने उतरते असं धरू, आणि इन्सुलिन ढोबळमानाने चार तासांत सारख्या वेगाने संपतं असंही. रात्री ८ वाजता जेवणासाठी ६ युनिट घेतली. साडेनऊला शुगर २६०, म्हणून आणखी ३. साडेदहाला अजून २४०, घाबरून पुन्हा ३. या क्षणी शरीरात पहिल्या डोसमधली साधारण सव्वादोन, दुसऱ्यातली सव्वादोन आणि नवी ३ अशी साडेसात युनिट काम करायची शिल्लक आहेत. त्यांची उतरवण्याची ताकद ३७५. शुगर आहे २४०, आणि जेवणाचा बराचसा भाग पचून गेलेला. मध्यरात्रीनंतर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून शुगर उतरवण्यासाठीचा जादा डोस आधीच्या जलद डोसनंतर किमान ३ ते ४ तास गेल्याशिवाय घेऊ नका. शरीरात शिल्लक असलेलं इन्सुलिन वजा करून दाखवणारा पंप किंवा अ‍ॅप डॉक्टरांनी बसवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. जेवणानंतर तासाभरात दिसणारा मोठा आकडा हा बहुतेकदा इन्सुलिन अजून पूर्ण पोहोचलं नसल्याचा असतो. झोपताना तर जादा डोस जास्तच जपून. अनेक डॉक्टर रात्रीसाठी वेगळा, कमी डोस लिहून देतात.

‘एका युनिटने किती उतरते’ याचा सुरुवातीचा अंदाज बांधायला एक जुनं सूत्र वापरतात: १८०० भागिले दिवसभराची एकूण युनिट. दिवसाची सगळी मिळून ३६ युनिट असतील तर उत्तर ५०. शुगर २५० आणि लक्ष्य १२० असेल तर १३० भागिले ५० म्हणजे २.६ युनिट. पेन पूर्ण युनिटचंच असेल तर २ घ्यायची, ३ नाही. हा केवळ अंदाज आहे. तुमचा खरा आकडा नोंदी बघून डॉक्टर पक्का करतात.

आणि जादा डोस घेण्याआधी हात धुतले होते का? फळ कापून तसंच बोट टोचलं तर बोटावरचा गोड रस स्ट्रिपवर उतरतो आणि खोटा मोठा आकडा येतो. त्या आकड्यावर घेतलेलं इन्सुलिन मात्र खरं असतं. सॅनिटायझर लावून भागत नाही. साबणाने हात धुवा, कोरडे करा, पुन्हा तपासा. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो हेही ध्यानात ठेवा. शुगर वेगाने पडत असताना सेन्सर ९० दाखवत असेल आणि तुम्हाला दरदरून घाम फुटला असेल, तर बोटाची तपासणी खरी माना.

दोन पेनांची अदलाबदल, दोन सिरिंजांची गफलत

रात्रीचं लांब पल्ल्याचं (तासन्‌तास हळूहळू काम करणारं) इन्सुलिन आणि जेवणाचं जलद इन्सुलिन एकाच डब्यात, एकाच आकाराच्या पेनांत. झोपेच्या तारेत २४ युनिट लांब पल्ल्याचं घ्यायचं ते जलद पेनातून गेलं, तर तो थेट जिवाशी खेळ आहे. एका पेनाला जाड रबर बँड बांधा म्हणजे अंधारातही बोटांना कळेल. दोन्ही पेनं वेगळ्या खोलीत ठेवणं त्याहून बरं. तरी अदलाबदल झालीच तर लपवू नका, झोपू नका, एकटे राहू नका. लगेच शुगर तपासा, गोड खायला सुरुवात करा, डॉक्टरांना फोन करा आणि निदान पाच तास दर अर्ध्या तासाने शुगर बघा. डोस मोठा असेल तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा वाचायलाच हवा. यू-१०० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, यू-४० म्हणजे ४०. यू-४० च्या सिरिंजने यू-१०० बाटलीतून ‘१० युनिट’ भरली तर प्रत्यक्षात २५ जातात. उलट केलं तर दहाच्या जागी फक्त ४. यू-४० सिरिंजचं टोपण सहसा लाल आणि यू-१०० चं केशरी असतं. पण रंगावर विसंबू नका, सिरिंजवर छापलेलं वाचा. पेनातलं इन्सुलिन सिरिंजने कधीही ओढू नका. काही पेनांत एका मिलिलिटरमध्ये २०० युनिटचं द्रावण असतं, ते सिरिंजमध्ये भरलं की दुप्पट डोस.

कुठे टोचायचं, कुठे नाही

पोटातून इन्सुलिन सगळ्यात लवकर शोषलं जातं, दंडातून जरा संथ, मांडी आणि नितंबातून आणखी संथ. म्हणून एका वेळच्या जेवणाला एकच भाग ठरवून घ्या आणि त्या भागातल्या भागात जागा बदला. बेंबीपासून ५ सेंटिमीटर दूर राहा, आधीच्या टोचणीपासून किमान १ सेंटिमीटर सरका.

‘इथे दुखत नाही’ म्हणून रोज तिथेच टोचणं ही सवय सर्रास दिसते. दुखत नाही कारण तिथे चरबीची गाठ झाली आहे. अंघोळीच्या वेळी साबण लावलेल्या बोटांनी पोटावरून हलका दाब देत फिरा. कुठे रबरासारखा जाडसर, न चिमटणारा भाग लागतो का बघा. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी बोटांना कळतं. अशा गाठीतून इन्सुलिन कधी अडतं, कधी एकदम सुटतं. गाठ सोडून चांगल्या त्वचेत तोच डोस टोचला तर शुगर दाणकन पडू शकते, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. सहसा डोस कमी करून सुरुवात करतात.

बोथट झालेली सुई पुन्हा पुन्हा वापरली की या गाठी वाढतात. ४ मिलिमीटरची सुई बहुतेक मोठ्यांना सरळ, ९० अंशांत, चिमट न घेता चालते. अगदी सडपातळ व्यक्ती किंवा मुलांना चिमट लागते. ती कातडी आणि चरबीची, स्नायू धरून नव्हे. स्नायूत गेलेलं इन्सुलिन फार झपाट्याने काम करतं. मांडीत टोचून लगेच पळायला गेलं किंवा टोचल्यावर गरम पाण्याची अंघोळ, मालिश केली तरी असंच होतं. व्यायाम डोसच्या जोराच्या काळात येणार असेल तर डोस किती कमी करायचा हे आधीच ठरवून ठेवा. दारूचं वेगळं: यकृत साखर सोडायचं थांबवतं आणि हायपो काही तासांनी, बरेचदा झोपेत होतो.

पेन दाबलं, पण इन्सुलिन गेलं का?

प्रत्येक वेळी नवीन सुई, मग २ युनिट फिरवून, सुई वर धरून, बुडबुडे वर येण्यासाठी टिचकी मारून बटण दाबायचं. टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा. दोन-तीनदा करूनही आला नाही तर सुई बदला. ही दोन युनिट वाया जात नाहीत, सुई उघडी आहे याचा तो एकमेव पुरावा आहे.

मग डोस लावा, टोचा, बटण शेवटपर्यंत दाबा आणि खिडकीत शून्य आल्यावर दाबलेलंच ठेवून दहापर्यंत सावकाश मोजा. काही पेनांच्या माहितीपत्रकात ५ किंवा ६ सेकंद लिहिलेले असतात. दहा मोजले तर नुकसान काही नाही. सुई काढल्यावर टोकावरून थेंब ओघळला तर तुम्ही घाई केली. यू-१०० मध्ये एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, त्यामुळे ४ युनिटच्या डोसमध्ये बारीकसा थेंबही महत्त्वाचा. मात्र किती गळलं याचा अंदाज करून भरपाईची युनिट घेऊ नका.

टोचून झालं की सुई काढून पक्क्या झाकणाच्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाका. पेनवर लावून ठेवलेल्या सुईतून हवा आत जाते, इन्सुलिन बाहेर गळतं. आणि सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला देऊ नका, घरच्या माणसालाही नाही. कार्ट्रिजमध्ये (पेनातल्या इन्सुलिनच्या नळीत) रक्ताचे कण मागे जाऊ शकतात.

साठवण

न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीझरच्या जवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. वापरात असलेलं लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्ट ३० अंशांच्या आत २८ दिवस टिकतं. ग्लुलिसिनची मर्यादा २५ अंश. उघडल्याची तारीख पेनवर लिहा. जलद इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ, रंगीत किंवा कणदार दिसलं तर वापरू नका. पण उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेलं इन्सुलिन निकामी होऊनही स्वच्छ दिसू शकतं. शुगर विनाकारण चढी राहत असेल तर नवीन पेन उघडून बघा.

हायपो झाल्यावरच्या चुका

७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम झटपट साखर: ४ ग्रॅमच्या ३-४ ग्लुकोज गोळ्या, पाण्यात ३ चहाचे चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ५४ च्या खालचा आकडा गंभीर. चॉकलेट, बिस्किट, आइस्क्रीम इथे चालत नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अ‍ॅकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साधी साखरही संथ पडते; ग्लुकोजच हवं. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं) घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (शुगर झटकन वाढवणारं औषध) असेल तर द्या, रुग्णवाहिका बोलवा.

आजारपणात

ताप, उलट्या, खाणं नाही, म्हणून इन्सुलिन बंद: टाइप १ मधुमेहात ही चूक केटोअ‍ॅसिडोसिसकडे (रक्तात केटोन नावाची आम्लं साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेकडे) नेते. खाल्लं नाही तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन लागतंच. जलद डोस मात्र शुगर आणि केटोन बघून, डॉक्टरांनी दिलेल्या आजारपणाच्या तक्त्याप्रमाणे. रक्तातले केटोन १.५ मिलिमोल/लिटरच्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना कळवा. ३ किंवा जास्त असतील, उलट्या थांबत नसतील, पोटात दुखत असेल किंवा श्वास खोल आणि जलद चालला असेल तर थेट रुग्णालयात जा, आणि निघताना पेनं व शुगरच्या नोंदी सोबत घ्या.