मोरजीच्या किनाऱ्यावरील निसर्गफेरी: तयारी आणि निरीक्षण

किनाऱ्यावरील निसर्गफेरीची वेळ घड्याळापेक्षा सुकती-भरतीवरून ठरवणे योग्य. गोव्यातील पेडणे तालुक्यात मोरजी येथे शापोरा नदी समुद्राला मिळते. तिथे सुकतीला वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात त्यांवर कुरव (गल) व सुरय (टर्न) या पक्ष्यांचे थवे विसावतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने सकाळी सुकती येणारा दिवस आधी शोधावा. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीशी राहते आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात.

मार्गदर्शक निवडताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: गटात किती माणसे असतील, आणि पक्ष्यांना जवळ आणण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवले जातात का? दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो मार्गदर्शक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबत ८ पट मोठे दाखवणारी दुर्बीण, पाणी आणि टोपी पुरेशी होते.

सुरुवात वनस्पतींपासून करावी, कारण त्या वाटेतच भेटतात. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या एखाद्या फांदीजवळ बसून पाहिले, तर पेऱ्यापेऱ्याला फुटलेली मुळे वाळूत उतरलेली दिसतात. या मुळांमुळेच वाळूच्या टेकड्या वाऱ्यापुढे टिकून राहतात. तिची जांभळट फुले सकाळी टवटवीत असतात आणि दुपारनंतर मलूल होतात, हेही लवकर निघण्याचे एक कारण आहे. वेलीवर पाय देऊ नये. रुळलेल्या पायवाटेनेच उतरावे.

पक्ष्यांजवळ जाताना सरळ चालून न जाता तिरके, थांबत-थांबत जावे. विसावलेल्या कुरवांनी माना उंचावल्या की तिथेच थांबावे, कारण दूरचा प्रवास करून आलेल्या या पक्ष्यांची साठवलेली ताकद प्रत्येक विनाकारण उड्डाणात खर्च होते. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके पांढरे होऊन कानामागे केवळ गडद ठिपका उरतो, म्हणून नवख्याची हमखास फसगत होते. तो उडाल्यावर पंखांच्या काळ्या टोकांतील पांढरे ठिपके पाहावेत. पाण्याच्या कडेला धावणारे इवलेसे चिखले पक्षी मात्र वाळूच्याच रंगाचे असल्याने हालचाल होईपर्यंत दिसत नाहीत.

याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांच्या घरट्यांभोवती घातलेल्या कुंपणापासून दूर राहावे आणि कुत्रा सोबत नेऊ नये.