घरी शिकवताय? शैक्षणिक सवलत मागायची कशी

दापोलीत आम्ही मुलीला घरीच शिकवतो. समुद्रकाठी ओहोटीला सापडणारे जीव नीट बघता यावेत म्हणून एकदा सूक्ष्मदर्शक घ्यायला गेले. दुकानात शाळांसाठी वेगळा दर होता, पण "शाळेचं पत्र आणा" म्हणाले. पत्र आणणार कुठून? पूर्ण पैसे देऊन घरी आले. नंतर जे शिकले ते इथे लिहितेय.

सगळ्यात आधी मुलाची मुक्त विद्यालयात, म्हणजे शाळेत न जाता घरी अभ्यास करून परीक्षा देता येते अशा मंडळात, नोंदणी करा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत घरी शिकवणारे पालक सरकारला तसं लेखी कळवतात, आणि तोच कागद दुकानात पुरावा म्हणून चालू शकतो. ॲपलच्या तिथल्या शैक्षणिक दुकानाच्या पात्रतेत तर घरी शिकवणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात अशा पालकांना प्रमाणपत्र देण्याची सोय नाही. म्हणून मुक्त विद्यालयाची नोंदणी हाच सगळ्यात भक्कम कागद. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात पाचवीसाठी किमान 10 आणि आठवीसाठी 13 वर्षं वय लागतं. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीसाठी 14 पूर्ण हवीत. नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र मिळालं की स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. पावसाळ्यात वीज गेली की झेरॉक्सवाल्याकडेही काम अडतं.

हे ओळखपत्र मुलाचं आहे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. त्यावर विद्यार्थ्यांची सवलत मागता येते. शिक्षकांची सवलत मागायची तर आधी विचारावं लागतं. त्यासाठी छोटं पत्र पुरतं:

"आम्ही आमच्या मुलीला घरी शिकवतो. तिची मुक्त विद्यालयात नोंदणी आहे, प्रत सोबत जोडली आहे. ही खरेदी तिच्या अभ्यासासाठी आहे, पुन्हा विकण्यासाठी नाही. आपला शैक्षणिक दर घरी शिकवणाऱ्या पालकांना लागू होतो का, कृपया कळवावे."

खाली सही आणि फोन नंबर. घराला शाळेचं नाव देऊन लेटरहेड छापू नका, शिक्का तर मुळीच बनवू नका. असा सल्ला देणारे भेटतात. पण ती फसवणूक आहे, आणि एकाने केली की दुकानदार पुढच्या खऱ्या पालकावरही विश्वास ठेवत नाही.

स्थानिक दुकानात फोनपेक्षा समक्ष जा, आणि जूनच्या गर्दीआधी जा. काउंटरवरच्या मुलाला दर कमी करण्याचा अधिकार नसतो. मालक असतील ती वेळ विचारून घ्या. चिपळूण, गुहागर, दापोली अशा ठिकाणची तीन-चार कुटुंबं मिळून यादी केलीत तर उत्तमच. एका भिंगापेक्षा पाच भिंगांच्या ऑर्डरवर दुकानदार स्वतःहून बोलायला तयार होतो.

ऑनलाइन खरेदीत आधी 'पात्रता' वाचा, आणि तीही भारतातल्या दुकानाची. अमेरिकेतली अट इथे चालेलच असं नाही. 'शाळेचा ईमेल द्या' असं आलं तर ग्राहकसेवेला वरचंच पत्र पाठवा. काही कंपन्या पडताळणीचं काम शीरआयडीसारख्या सेवेला देतात. तिथे कागद अपलोड करण्याचा पर्याय दिसला तर नोंदणीची प्रत जोडा. आधार मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. मुलांचे कागद आहेत, इथे ढिलाई नको.

आणि पैसे खर्च करण्याआधी फुकट काय आहे ते बघा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. गणिताला जिओजेब्रा ही वेबसाइट आहे, विज्ञानाच्या प्रयोगांना फेट ही वेबसाइट आहे आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. लहानांसाठी स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत. यासाठी कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

सहलीचंही तसंच. रायगडासारख्या पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. तिथे शाळेचं पत्र लागत नाही, वयाचा पुरावा जवळ असू द्या. रोपवेचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.