वऱ्हाडातून गाडी घेऊन कोल्हापुरात येताय? आधी काचा बघा

अकोल्याहून बदलीवर इथं येऊन मला चौदा वर्षं झाली. घर, शाळा, गॅस यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. दुधाची चिंता नको. "काय रं, कुठनं आलास?" असं कुणी दरडावून विचारलं तर ते भांडण नव्हे, चौकशी असते.

मी सांगणार आहे गाडीच्या काचेचं, कारण दर जूनमध्ये आपल्याकडच्या कुणाची तरी काच दारात जाते आणि फोन मला येतो. तिकडच्या उन्हानं काचेच्या कडेचं रबर कडक झालेलं असतं, खाचेत धूळ बसलेली असते. इथं मृग लागला की तिचा चिखल होतो. काच अडकते, मोटर ओढत राहते आणि काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटते, नाहीतर काच ओढणारी आतली तार सुटते. मग काच तिरकी होऊन ट्रॅक सोडते.

तेव्हा बटण दाबू नका. पुन्हा सांगतो, बटण दाबू नका. पहिल्या पावसाळ्यात रंकाळ्यापाशी मी धो-धो पावसात दाबतच राहिलो. घर्रर्र झालं, मग कट्ट, मग काहीच नाही. बारक्या क्लिपचं काम होतं. मोटरसकट काचेची अख्खी मशीन बदलावी लागली.

काच थोडी वर दिसत असेल तर दोन्ही बाजूंनी तळवे दाबून ती सरळ वर ओढा, सोबतच्याला बटण एकदाच वर दाबू द्या. वर आली की आतून-बाहेरून चौकटीला चिकटपट्टी लावा. पूर्ण आत गेली असेल तर दार आपटू नका. कडेला पत्रा लागला की या काचेचा चुरा होतो.

मग गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात न्या. आपल्या लोकांची खोड अशी, की शोरूमशिवाय कुणावर भरवसा नाही. इथला मिस्त्री तुटका तुकडा उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "हुतंय की." होतंच, कधी होणार ते मात्र वेगळं विचारा.

दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं झाकण, निघताना तिथंच उभे राहा. हँडलमागचे स्क्रू काढले की आत प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो फाडू देऊ नका, होता तसा नीट चिकटवून घ्या. माझा एकानं ब्लेडनं कापून फेकला. दाराच्या आतलं पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरलं, गणपतीपर्यंत गाडीला ओल्या गोणपाटाचा वास. दाराच्या तळाची भोकंही मोकळी करून घ्या. रबराला इंजिन ऑइल लावू नका, सिलिकॉन स्प्रे मारा.

पॅड बसवण्याआधी काच चार वेळा वरखाली करून बघायला सांगा. तेव्हाही बटण मिस्त्रीलाच दाबू द्या.