मुलांना घेऊन बागेत निघायचंय? आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

राणीच्या बागेच्या बंद फाटकापाशी उभं राहून साडेचार वर्षांच्या लेकीला ‘आज पेंग्विनची सुट्टी आहे’ असं सांगायची पाळी आली, तो वार बुधवार होता. मुलुंडहून भायखळ्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने आलेलो. सोबत माझी आई, पाण्याच्या चार बाटल्या आणि डबाभर तिखटमिठाच्या पुऱ्या. चूक आमचीच. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस कधी लावला, दूध किती घेतलं, सगळं लिहिलेलं असतं. बाग कोणत्या वारी बंद, एवढंच नव्हतं. पुऱ्या फाटकासमोरच्या फुटपाथवर संपल्या. तेव्हापासून आमच्याकडे फिरायला जायचा बेत त्या कॅलेंडरसमोर उभं राहूनच ठरतो. कसा, ते सांगतो.

पायरी १ : वार बघा

राणीची बाग बुधवारी बंद, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. हे दोन वार आजच कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून टाका. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग बहुधा उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, म्हणजे गुरुवारी फसायचीही सोय आहेच.

रविवारी निघणार असाल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवलेल्या, कुठे आहे ते बघून घ्या. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी उशिरापर्यंत चालतो. त्याच्या आत पोचायचं, तो उठल्यावर परतायचं. मोठी माणसं गर्दीत निभावून नेतात हो, पण झोपलेलं मूल खांद्यावर आणि हातात डब्याची पिशवी घेऊन स्लो ट्रॅकवर वळवलेल्या गाडीत शिरणं हा वेगळा प्रकार आहे.

पायरी २ : एका दिवसाला एकच ठिकाण

‘बाग बघू, मग तिथून मरीन ड्राइव्ह, मग चौपाटीवर भेळ’ असा बेत करणारे लोक बहुतेक वेळा एकटे फिरलेले असतात. पाच वर्षांखालचं मूल बागेत दोन-अडीच तास आनंदात असतं, त्यानंतर ते फक्त असतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर अंतरापेक्षा बसायची जागा आणि स्वच्छतागृह जवळ आहे की नाही हे आधी बघा.

पायरी ३ : राणीच्या बागेत आधी जनावरं, मग झाडं

बाग सकाळी साडेनऊला उघडते. त्या वेळी फाटकाशी असायचं, कारण बारानंतर बहुतेक प्राणी सावलीत पाय पसरून देतात आणि मुलं ‘तो मेलाय का?’ असं मोठ्याने विचारतात. पेंग्विन आधी उरका. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली ते दक्षिण कोरियातल्या सेऊलहून इथे आणले. म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फातून आलेत असं मुलांना सांगू नका, शाळेत जाऊन तेच सांगतील. रांग लांब असते, आत गार असतं, तेव्हा लहानग्याला पातळ स्वेटर किंवा पूर्ण बाह्यांचं काही असू द्या.

पण ही बाग १८६२ सालची आहे आणि सुरू झाली ती झाडांची बाग म्हणून. प्राणी नंतर आले. माझं स्वतःचं मत असं की इथली झाडं पिंजऱ्यांपेक्षा भारी आहेत. गोरखचिंचेचं खोड दोन मुलांनी हात पसरले तरी कवेत येत नाही, हा खेळ फुकट आहे आणि दहा मिनिटं टिकतो. कैलासपतीच्या झाडाला फुलं आणि तोफेच्या गोळ्यांसारखी फळं फांद्यांना नाही, थेट खोडाला लागतात. फुलाच्या आत पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखा आकार दिसतो. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर उर्वशीच्या झाडाची लाल, लोंबती फुलं बघायला विसरू नका.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते सांधून तो मुंबईतच राहिला. आमच्या लेकीला वाघापेक्षा ही गोष्ट जास्त लक्षात आहे. हत्तीला जायचं नव्हतं, असं तिचं म्हणणं.

पायरी ४ : बोरिवलीला गेलात तर कान्हेरी करायची की नाही, हे फाटकातच ठरवा

राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात बिबटे राहतात आणि ते सगळं एका मुलाच्या पायांनी बघून होत नाही. कान्हेरीची लेणी मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत. चालत जाऊ असं म्हणणाऱ्या काकांचं ऐकू नका. आत शिरल्याबरोबर वर जायच्या बसची चौकशी करा. मूल सहा-सात वर्षांपेक्षा लहान असेल तर फाटकाजवळचा भाग, झाडाखाली सतरंजी आणि दहिसर नदीच्या काठाने थोडं चालणं एवढंच पुरे. भाड्याची सायकल थोड्या मोठ्या मुलांसाठी.

लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघा आणि मग मुलांना पोढ्या शोधायला सोडा. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी उतारावरून चरांतून त्यात यायचं आणि भिक्षूंना वर्षभर पुरायचं. याच जंगलातले तुळशी आणि विहार हे तलाव आजही मुंबईला पाणी देतात. घरी आल्यावर नळ चालू करून ‘हे तिकडचं का?’ असा प्रश्न आला तर समजा, तिकिटाचे पैसे वसूल.

माकडांबद्दल एकच सांगतो. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज बरोबर कळतो. खाणं स्टीलच्या डब्यात, डबा सॅकमध्ये, सॅकची चेन बंद.

पावसाळ्यात डोंगर बघण्यासारखा असतो, पण कातळाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात; चपला नकोत, बूट हवेत. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०२४ मध्ये फुलून गेली. आता २०३२, आणि ते कॅलेंडर अजून छापलेलं नाही.

पायरी ५ : वेळ कमी असेल तर मलबार हिल

कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट अजून तसाच गर्दी खेचतो. समोर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन. ते पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलं आहे हे मुलांना सांगा, पायाखाली पाणी आहे म्हटल्यावर ती हळू चालायला लागतात. २०२५ मध्ये मागच्या बाजूला, सिरी रोडला, झाडांच्या उंचीवरून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी निसर्गमार्ग सुरू झाला. त्याचं तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं काढावं लागतं. तिथे जाऊन काढू म्हणाल तर म्हातारीचा बूट बघून परत याल. इथे पक्षी वरून बघायला मिळतात.

माहीम-धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान शांत आहे, झुले-घसरगुंडीची अपेक्षा ठेवू नका. एके काळी ती कचरा टाकायची जागा होती. आता तिथे मिठी नदीकाठी दाट झाडी आणि फुलपाखरं आहेत. पाऊस संपल्यावर, सकाळी जा.

पायरी ६ : तिथी बघा, आणि समुद्राकडे चला

ही माझी आवडती पायरी. आईचं माहेर अलिबागकडचं, तिचा हिशेब असा : तिथीच्या आकड्याला पाऊणपट करा, येईल त्या तासाला भरती. अष्टमी म्हणजे आठाचे सहा, भरती सहाच्या सुमारास. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला दीड, म्हणजे ओहोटी साडेसातच्या आसपास, तृतीयेला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण असतं, तेव्हा भरती जशी मोठी तशी ओहोटीही लांबवर जाते. थोडक्यात, कॅलेंडरवर द्वितीया किंवा तृतीया शनिवारी-रविवारी आलेली दिसली की सकाळचा बेत पक्का करा. हा अंदाज झाला. नेमकी वेळ आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात पडताळून घ्याच.

वांद्र्याचा कार्टर रोड किंवा जुहूचा खडकाळ भाग बरा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की मुलांचं काहीही न ऐकता निघा. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे दिसतात, समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, दिसतात. खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, म्हणून अनवाणी नाही. कोनाच्या आकाराच्या शंखाला कोणी हात लावायचा नाही, त्यातला जीव विषारी दंश करतो. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. खाली कोणाचं तरी घर असतं. जून ते सप्टेंबर हा बेत नकोच.

थंडीत जमलं तर ऐरोलीला ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची बोटफेरी करा. तीही भरती-ओहोटीच्या वेळेवरच सुटते, म्हणून आधी नोंदणी हवी. सगळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गुलाबी नसतात हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पिल्लं राखाडी असतात, शेवाळ आणि बारके खेकडे-कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन गुलाबी होतात. आमच्याकडे त्यानंतर आठवडाभर बीट खाल्लं गेलं. आठवडाभरच.

पायरी ७ : पिशवी

पाणी माणशी एक बाटली, ओला रुमाल, एक जादा चड्डी-पँट, जुनी चादर, औषधाची पट्टी. डब्यात रस्सा नको; दशम्या, चटणी, काकडी, लाडू. आइस्क्रीमचं कबूल करायचं असेल तर परतीच्या वाटेवर, स्टेशनच्या अलीकडे. आणि खिडकीची जागा मिळेल अशी गाडी धरा, एखादी सोडावी लागली तरी. मूल घाटकोपरच्या आत झोपतं.