घरच्या स्टुडिओसाठी साउंड कार्ड घेताना आधी ट्रॅक मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की साधारण दोन तऱ्हेची कामं समोर येतात. एक, मराठी-कन्नड जाहिरातीचा नाहीतर निवेदनाचा एकट्याचा आवाज. दुसरं, गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. एकट्या आवाजाला दोन इनपुटचं साउंड कार्ड (माईकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारा बाहेरचा डबा), एक माईक आणि बंद कपांचा हेडफोन पुरतो, त्यात फार डोकं लावू नका. भजनात मात्र गायक, पेटी, पखवाज, टाळ एकदमच वाजतात, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्डिंग हवं असतं, आणि खरेदीत फसगत होते ती इथेच.

दुकानात यूएसबीवाला आठ चॅनलचा मिक्सर दाखवतात. किंमत आवाक्यातली, बटणं भरपूर, शिवाय थेट कॉम्प्युटरला जोडता येतो. हा घेण्याआधी थांबा. स्वस्तातल्या बहुतेक मिक्सरांतून यूएसबीवर दोनच चॅनल जातात, डावा आणि उजवा. आठही माईकचे आवाज मिक्सरच्या आतच एकत्र होतात आणि कॉम्प्युटरला तयार मिश्रण मिळतं. दुसऱ्या दिवशी ऐकताना पखवाज चढलेला वाटला आणि गायकाचा आवाज वाढवायला गेलात, तर पखवाजही तेवढाच वाढतो. इक्वलायझरने पखवाजाचा जाड भाग कापला तर गायकाच्या खर्जातला जीव जातो. यावर नंतर इलाज नाही. आवाज वेगळे करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण टाळ आणि पखवाज गायकाच्या शब्दांवरच पडलेले असतात, ते काढताना शब्दांच्या कडा खरवडल्यासारख्या होतात. त्या भरवशावर सामान घेऊ नका.

ओळखायचं कसं? माहितीपत्रकात यूएसबीपुढे ‘२ बाय २’ किंवा ‘स्टीरिओ’ लिहिलेलं असेल तर तो दोनच ट्रॅकचा. कागदावर भागत नसेल तर दुकानातच लॅपटॉप जोडा, रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ट्रॅक उघडा आणि इनपुटची यादी बघा. चार माईक जोडून एकेकावर टिचकी मारा. प्रत्येक टिचकीला वेगळ्याच ट्रॅकचं मीटर हललं पाहिजे. दुकानदार हे करू देत नसेल तर तिथून घेऊ नका. लग्नाची सिस्टीम लावणारा माणूस मिक्सरात तरबेज असतो, पण त्याचं काम त्या क्षणी वाजवण्याचं. सल्ला घ्यायचाच तर आपली कच्ची, न सजवलेली फाईल ऐकवायला जो तयार आहे त्याचा घ्या.

प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सरही असतात, उदाहरणार्थ टॅस्कॅम मॉडेल १२ किंवा झूम लाइव्हट्रॅक एल-८. खर्च जास्त. त्यापेक्षा चार माईक घेणारं साउंड कार्ड परवडतं, पण तिथेही खोक्यावरचा आकडा नीट वाचा. फोकसराइट स्कारलेट ४आय४ मध्ये माईकचे प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारे भाग) दोनच, उरलेले दोन इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्डसारख्या मोठ्या सिग्नलचे; तिथे माईक थेट चालत नाही. बेहरिंगर यूएमसी४०४एचडी मध्ये चारही माईकचे आहेत, मात्र त्याला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप चालू राहील आणि कार्ड बंद पडेल. ‘आत्ता दोनचं घेऊ, पुढे दुसरं दोनचं जोडू’ हा विचारही सोडा. विंडोजवर एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठी कार्ड चालवणारी व्यवस्था) एका वेळी एकच ड्रायव्हर चालवतो, आणि आवाज मोजण्याचा वेग ठरवणारी दोन कार्डांची आतली घड्याळं वेगळी असल्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागेपुढे सरकत जातात.

दोन ट्रॅकचा मिक्सर घरात आलाच असेल तर तो टाकून देऊ नका. गायकाच्या चॅनलचं पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारं बटण) पूर्ण डावीकडे फिरवा, बाकी सगळ्यांचं पूर्ण उजवीकडे. गाणं एका ट्रॅकवर आणि साथ दुसऱ्यावर अशी दोन वेगळी रेकॉर्डिंग मिळतात. सुरुवातीच्या कामाला एवढं खरंच पुरतं.

माईक आधी डायनॅमिकच घ्या, शूर एसएम५८ च्या जातीचा. दुसऱ्या जातीचा, जास्त नाजूक कानाचा कंडेन्सर माईक पंखा, गल्लीतली गाडी, शेजारच्या पत्र्यावरचा पाऊस सगळंच टिपतो. शूरच्याच एसएम७बी माईकचं नाव ऐकून धावू नका. त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे आवाजाची वाढ लागते, आणि बऱ्याच स्वस्त कार्डांत तेवढी नसते. वायर दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचा गोल जोड) असलेलीच घ्या. सिस्टीमवाल्यांकडे मिळणाऱ्या वायरीला एका टोकाला मोनो जॅक असतो. त्यातून कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (कार्डाकडून वायरीतूनच येणारी वीज) जातच नाही, त्यामुळे चांगला कंडेन्सरही मुका राहतो आणि लोक माईकला दोष देतात.

टाळकऱ्यांना सवयीप्रमाणे गायकाच्या पाठीशी उभं करू नका. एसएम५८ सारखा कार्डिऑइड, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणारा माईक पाठीमागून कमी ऐकतो, तेव्हा टाळकरी गायकाच्या समोर, माईकच्या पाठीकडे दीड-दोन मीटरवर हवेत. मागे उभे राहिले तर टाळ थेट माईकच्या तोंडात जातो. पेटीचा माईक सुरांच्या वर ३० ते ४० सेंटिमीटर, भात्यापासून लांब. खोलीतल्या भिंतींवर जाड वाकळा टांगा. घुमारा कमी होईल; पखवाजाच्या धुम्याचा (जाड आवाजाच्या बाजूचा) मात्र होणार नाही, त्यासाठी पखवाज कोपऱ्यातून बाहेर काढा.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, जिवावर बेतेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर गुणगुण हमखास येते.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोराचा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. गजराला मंडळी चढतात, तेव्हा आधी गजरच म्हणायला लावून गेन बांधा. हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटर (माईक थेट हेडफोनला ऐकवणारं बटण) चालू करा किंवा सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून घेतो तो आकडा, १२८ वर आणा. तडतड झाली तर २५६. चार ट्रॅकच्या तासाभराला सुमारे २ जीबी जागा लागते, तेवढी मोकळी ठेवूनच मंडळाला बसवा.