अंतराळातली सुटका २२ पानांत: कॉमिक अंकाची बांधणी

सुटकेच्या गोष्टीत वाचकाला सतत दोन गोष्टी कळायला हव्यात: कैदी कुठे आहेत आणि पथक त्यांच्यापासून किती लांब आहे. हे निसटलं की कितीही देखणी मारामारी काढा, ताण उरत नाही. म्हणून पटकथेच्याही आधी तुरुंगाचा नकाशा काढा. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक मीटर असं माप धरा. कोठडी, एअरलॉक (हवा बाहेर जाऊ न देता ये-जा करायची दोन दारांची खोली), पहारेकऱ्यांची खोली, आत यायची वाट आणि निसटायची वाट दाखवा. दोन्ही वाटा एकच असतील तर गोष्ट लंगडी पडते. येताना वापरलेलं दार परतताना बंद झालेलं असावं.

नकाशावरून दिशा पक्की करा. पथक आत शिरताना प्रत्येक चौकटीत डावीकडून उजवीकडे जाईल, पहारेकरी समोरून येतील. परतताना दिशा उलटी. आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचत सरकते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे पळणारी माणसं प्रवाहाविरुद्ध झगडताना दिसतात आणि पळ आपोआप जड वाटतो. मधेच एखाद्या चौकटीत कॅमेरा पलीकडच्या बाजूला गेला की पळणारेच पाठलाग करताना दिसू लागतात. बाजू बदलायचीच असेल तर आधी थेट समोरून किंवा पाठीमागून दिसणारी एक चौकट घाला.

पानांची वाटणी अशी जमते: १ ते ३ कैदी, ४ ते ७ पथक आणि बेत, ८ ते १३ शिरकाव, १४-१५ जोडपान (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र), १६ ते २० सुटका आणि पाठलाग, २१-२२ सुटकेसाठी मोजलेली किंमत. कैद कशी झाली ते सांगत बसू नका, कोठडीतूनच सुरुवात करा. बेत वाचकाला पूर्ण ऐकवलात तर तो फसलाच पाहिजे. फत्ते होणारा बेत आधी सांगितला तर तेच दोनदा वाचावं लागतं. आणि कैद्यांना नुसतं वाट बघत बसवू नका. आतून एक दार तरी त्यांनीच उघडायला हवं.

पान १ उजवीकडे येतं, म्हणून पान उलटण्याचा क्षण विषम पानाच्या शेवटी असतो. धक्का द्यायचा तर तो सम पानाच्या पहिल्या चौकटीत. १३च्या शेवटी कोठडीचं दार उघडतं, उलटल्यावर १४-१५वर आतलं दृश्य. जोडपान १५-१६वर बेतण्याची चूक फार होते. ही दोन पानं म्हणजे एकाच कागदाची पुढची-मागची बाजू असते. मधे पिना मारायच्या तर आतली पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे २२ पानांच्या गोष्टीला आणखी २ पानं भरावीच लागतील.

चित्रं ११ × १७ इंचांच्या कागदावर, त्यातल्या १० × १५च्या आत महत्त्वाचं सगळं. छापताना हे साधारण ६० टक्क्यांवर येतं, त्यामुळे ०.१ मिमीची रेघ तुटते. पानाला ५-६ चौकटी पुरतात. पथकातल्या प्रत्येकाची आकृती २ सेंटिमीटर उंचीची, पूर्ण काळी भरून पाहा. कोण कोण ते ओळखू आलं नाही तर पोशाख बदला. शिरस्त्राणाच्या काचेवर झळाळी एकाच वळणदार पट्टीत ठेवा, नाहीतर चेहरा हरवतो. कैद्याचा हातमोजा फाटला असेल तर कोणता हात, ते पात्रांच्या तपशिलांच्या तक्त्यात लिहून ठेवा. आठ पानांनंतर तो हमखास बदलतो.

निर्वात पोकळीत आवाज नसतो, म्हणून बाहेरच्या झटापटीत ‘धडाम’ नको. तिथली शांतताच जास्त भेदक वाटते. मात्र जहाजाच्या कवचाला हात टेकला की धातूतून कंपन पोचतं, तिथे बारीकसा आवाज चालतो. रेडिओवरच्या बोलण्याला वेगळा फुगा द्या: दुहेरी कड, नागमोडी शेपूट.

देवनागरी लेटरिंगचा, म्हणजे फुग्यांत अक्षरं मांडण्याचा, खरा त्रास दोन ओळींमध्ये असतो. वरच्या ओळीतल्या ‘कृ’ची शेपटी खालच्या ‘र्थी’च्या रफारात घुसते. छापील आकारात अक्षर ९-१० पॉइंट आणि ओळींचं अंतर त्याच्या १.३ पट ठेवा, फुग्यात वर-खालीही जागा सोडा. जोर द्यायला ठळक अक्षर वापरा. यंत्राने तिरकं केलेलं देवनागरी मोडल्यासारखं दिसतं. एका फुग्यात २५च्या वर शब्द नकोत. आधी बोलणारा डावीकडे उभा राहील हे पेन्सिलिंगच्या (पेन्सिलीने कच्चं चित्र काढण्याच्या) वेळीच ठरवा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून जातात.

रेघांचं स्कॅनिंग ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), रंगीत पानं ३०० डीपीआयला. अवकाशाचा काळा नुसत्या काळ्या शाईत राखाडी दिसतो. निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १०० असं मिश्रण करा. चारही शाया १०० टक्के केल्या तर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. फुग्यातली अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत, ओव्हरप्रिंट करून, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापून. शाया जराशा सरकल्या की काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांच्या बारीक मात्रा बुजतात, म्हणून तिथेही ठळक वळण घ्या. तारेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत, त्याच कारणाने. सगळ्या बाजूंनी १/८ इंच ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेलं चित्र) सोडून एक पान खऱ्या आकारात छापून घ्या आणि हातभर अंतरावरून वाचून पाहा.